रुग्णाशी असलेले नाते तात्पुरते स्थगित करण्याबाबत

प्रति,
मा. वैद्यकीय अधीक्षक,
मध्यवर्ती रुग्णालय,
मुख्य इमारत, दुसरा मजला.

अर्जदार : औषधनिर्माण अधिकारी, अतिदक्षता विभाग (सध्या नेमणूक : बाह्यरुग्ण औषध खिडकी)

विषय : बेड क्रमांक सहावरील रुग्णाशी अर्जदाराचे असलेले मुलीचे नाते तात्पुरते स्थगित करून तिला औषध तपासणीसाठी विभागात प्रवेश मिळण्याबाबत. हे शक्य नसल्यास परिच्छेद ९ पाहावा.

संदर्भ : १) कर्मचाऱ्यांच्या नातेवाइकांवरील उपचारांबाबतचे आपले परिपत्रक.
२) अर्जदाराचा यापूर्वीचा अर्ज.
३) त्यास आलेले उत्तर : "नातेवाइकांनी चौकशी खिडकीशी संपर्क साधावा."
४) चौकशी खिडकीवर मिळालेले तोंडी उत्तर : "कर्मचाऱ्यांनी कार्यालयात अर्ज करावा."

महोदय,

१. हा अर्ज तातडीचा आहे. आवक शाखेत 'तातडीचे' अशी चिठ्ठी लावलेला ट्रे आहे, पण त्यात सध्या जिन्याच्या रंगकामाचे कागद ठेवलेले आहेत, म्हणून अर्जदार हा अर्ज स्वतः आपल्या टेबलावर ठेवत आहे. उद्या दुपारी बेड सहाच्या नातेवाइकांची विभागप्रमुखांसोबत बैठक आहे. रुग्ण शुद्धीवर येत नाही, मेंदूला इजा झालेली दिसते, तरी श्वासाचे यंत्र काढण्यास संमती द्यावी, असे त्या बैठकीत सांगितले जाणार आहे. संमतीचा कागद तयार आहे. अर्जदाराचे म्हणणे असे की रुग्ण शुद्धीवर येत नाही याला मेंदूची इजा हे कारण असेलही, पण आपण दिलेले झोपेचे औषध अजून अंगात असणे हेही कारण असू शकते, आणि हे दुसरे कारण कोणी तपासलेले नाही. ते तपासल्याशिवाय बैठक होऊ नये. रुग्ण हे अर्जदाराचे वडील आहेत. सगळे घोडे तिथेच अडले आहे.

२. अर्जदार अतिदक्षता विभागात नेमके काय काम करत होती, हे आपल्या कार्यालयाला सांगावे लागेल असे वाटले नव्हते. परंतु आस्थापना शाखेतील एका कारकुनाने "म्हणजे तुम्ही वर गोळ्या वाटता का?" असे विचारल्यामुळे सांगणे भाग आहे. तिथल्या एकेका रुग्णाला डझनावारी औषधे चालू असतात. हृदयाचे डॉक्टर एक लिहितात, मूत्रपिंडाचे दुसरे लिहितात, जंतुसंसर्गाचे डॉक्टर येऊन तिसरे लिहून जातात, आणि प्रत्येकाचे आपापल्या जागी बरोबर असते. ती सगळी औषधे मात्र एकाच माणसाच्या एकाच रक्तात जातात. ती आत गेल्यावर एकमेकांशी कशी वागतील, मूत्रपिंड बंद असेल तर बाहेर कशी पडतील, नळीतून द्यायची गोळी कुटून चालेल का, डोस कधी उतरवायचा, हे पाहायला सकाळच्या राउंडला एक माणूस लागतो. तो माणूस अर्जदार होती. डॉक्टर लिहायला लागले की "पण" म्हणून मध्ये तोंड घालणे हेच तिचे काम असल्याने विभागात तिला 'पण मॅडम' म्हणतात. विभागप्रमुख पुष्कळदा वैतागतात, तरी दर वेळी पेन थांबवून ऐकून घेतात. ते चांगले डॉक्टर आहेत, हे अर्जदार इथेच लिहून ठेवते, कारण पुढे जे येणार आहे ती त्यांच्याविरुद्धची तक्रार समजू नये.

३. वडिलांना न्यूमोनियाने दाखल केले त्या दिवशी अर्जदाराने नोंदणीच्या खिडकीवर 'रुग्णाशी नाते' या रकान्यात 'मुलगी' असे लिहिले. दुसरे काय लिहायचे? आपल्या परिपत्रकानुसार ज्या कर्मचाऱ्याचा नातेवाईक विभागात दाखल आहे त्याने त्या रुग्णाच्या उपचारात भाग घेऊ नये. हा नियम योग्यच आहे आणि अर्जदाराची त्याविषयी काडीचीही तक्रार नाही. परंतु नियमात 'त्या रुग्णाच्या' असे असताना संगणकाने संपूर्ण विभागच बंद केला. दुसऱ्या दिवशी अर्जदाराने दारावर कार्ड लावले तर लाल दिवा लागला. दारावरचे सुरक्षारक्षक, ज्यांना आम्ही सगळे मामा म्हणतो, त्यांनी आपल्या शर्टाला कार्ड पुसून पुन्हा लावून पाहिले आणि म्हणाले, "मॅडम, मी तुम्हाला ओळखतो हो, पण मशीन ओळखत नाही. मी तरी काय करू?" त्याच दुपारी अर्जदाराची औषध खिडकीवर बदली झाल्याचा आदेश आला. तेव्हापासून त्या विभागातल्या एकाही बेडच्या औषधांवर फार्मासिस्टची नजर नाही. अतिरिक्त कार्यभार तळघरातील औषध भांडाराच्या प्रमुखांकडे दिल्याचे कागदावर आहे. ते वर येतात, कपाटातील इंजेक्शने मोजतात, सही करतात आणि लिफ्टने परत खाली जातात.

४. आता मूळ मुद्दा. वडिलांना श्वासाच्या यंत्रावर घेतले तेव्हा नळी सहन व्हावी म्हणून झोपेचे इंजेक्शन सतत चालू ठेवले. ते करावेच लागते. पुढे रक्तदाब पडला, मूत्रपिंडे बंद पडली, काही वेळ ऑक्सिजनही खाली गेला. मग थुंकीत बुरशी सापडली म्हणून जंतुसंसर्गाच्या डॉक्टरांनी बुरशीचे औषध सुरू केले. तेही बरोबरच. पण झोपेचे ते औषध शरीरातून काढायचे काम यकृत करते, आणि बुरशीचे हे औषध यकृताचे नेमके तेच काम मंदावते. शिवाय झोपेचे औषध मोडून जे तयार होते, त्यालाही झोप आणायची सवय असते, आणि ते लघवीवाटे जाते. इथे लघवीच बंद. म्हणजे पुढचे दार लोटलेले आणि मागचे दार कुलूपबंद. अशा वेळी झोपेच्या औषधाचा वेग निम्म्याहून खाली आणायचा असतो. तो आणला गेला की नाही, अर्जदाराला माहीत नाही. झोपेचे औषध लिहिणारे डॉक्टर वेगळे, बुरशीचे लिहिणारे वेगळे, आणि दोन्ही ओळी एकाखाली एक धरून वाचणारी बाई खिडकीवर खोकल्याचे औषध देत बसलेली होती.

५. हे अर्जदाराला कसे कळले, असा प्रश्न आपण विचाराल. भेटीच्या वेळेत नातेवाईक म्हणून तिला आत सोडतात. उपचारपत्रक नातेवाइकांनी पाहायचे नसते, म्हणून तिने पाहिले नाही. ते पायथ्याशी लटकत होते आणि तिने मान वळवून घेतली. पण सलाइनच्या स्टँडवर बुरशीच्या औषधाची बाटली टांगलेली होती आणि तिच्यावरचे नाव मोठ्या अक्षरात होते. अर्जदाराला वाचता येते, त्याला तिचा इलाज नाही. आई वडिलांच्या पायांना तेल चोळत होती आणि शेजारच्या बेडची माहिती सांगत होती. अर्जदाराला तिचा एक शब्दही ऐकू आला नाही. तिला फक्त ती बाटली दिसत होती. भेटीची वेळ संपल्याची घंटा झाली तेव्हा आई म्हणाली, "अगं, तू एकदा तरी हाक मारायचीस ना त्यांना. मी केव्हाची मारतेय." अर्जदाराने हाक मारली. त्यांनी डोळे उघडले नाहीत.

६. अर्जदार विभागप्रमुखांना व्हरांड्यात भेटली. त्यांनी ऐकून घेतले. झोपेचे औषध बंद करून आता बरेच दिवस झाले, एव्हाना उतरायला हवे होते, असे ते म्हणाले. मेंदूचे चित्र तसे स्पष्ट काही सांगत नाही, पण ऑक्सिजन खाली गेला होता हे विसरून चालणार नाही, असेही म्हणाले. अर्जदाराने "पण" म्हटले. तेव्हा त्यांनी तिच्या खांद्यावर हात ठेवला आणि अतिशय मायेने म्हणाले, "हे बघा, आत्ता तुम्ही मुलगी आहात. तुम्हाला असंच वाटणार. माझ्या आईच्या वेळी मलाही वाटलं होतं." महोदय, त्यांनी आजवर अर्जदाराच्या खांद्यावर कधी हात ठेवला नव्हता. ते रागावले असते तर बरे झाले असते. या दोन औषधांबद्दल अर्जदाराने त्यांना आत्ता जे सांगितले, तेच तिने गेल्या महिन्यात दुसऱ्या एका आजोबांच्या बाबतीत म्हटले होते, तेव्हा त्यांनी बुरशीचे औषध बदलले होते. शब्द तेच, तोंडही तेच. फक्त या वेळी ते नातेवाइकाच्या रांगेतून आले.

७. यावर तोडगा नाही असे नाही. झोपेच्या त्या औषधाची रक्तातील पातळी बाहेरच्या प्रयोगशाळेतून तपासून मिळते. पातळी जास्त आली तर थांबायचे, बुरशीचे औषध बदलायचे आणि शरीराला ते बाहेर टाकायला वेळ द्यायचा. पातळी शून्याजवळ आली तर अर्जदाराचे म्हणणे खोटे, विषय संपला. या तपासणीच्या मागणीवर अतिदक्षता विभागाच्या फार्मासिस्टची सही लागते. तो अधिकार सध्या भांडारप्रमुखांकडे आहे. अर्जदार तळघरात त्यांच्याकडे गेली. ते खोक्यांच्या मधोमध डबा खात होते. हात धुऊन आले, सगळे ऐकले, आणि म्हणाले, "ताई, माझी निवृत्ती तोंडावर आली. मी खोकी मोजणारा माणूस. त्या पेशंटला मी डोळ्यांनी बघितलेलं नाही. कशाच्या जोरावर सही करू? तुम्ही सांगता म्हणून? मग उद्या विचारतील, नातेवाइकाच्या सांगण्यावरून केली का. साहेबांचा आदेश आणा, डोळे मिटून करतो." त्यांचेही बरोबर आहे. या प्रकरणात अर्जदाराला अद्याप एकही चुकीचा माणूस भेटलेला नाही, आणि तरीही वडील उद्या जाणार आहेत.

८. घरच्यांविषयी लिहिणे कार्यालयीन अर्जात शोभत नाही, परंतु संमतीची सही घरच्यांची आहे म्हणून लिहावे लागते. मुख्य नातेवाईक म्हणून अर्जदाराच्या मोठ्या भावाचे नाव आहे. तो विजेच्या खांबांवर चढणारा लाइनमन आहे. कोणत्या तारेत प्रवाह आहे आणि कोणत्या नाही, याचा निकाल लावल्याशिवाय तो हात लावत नाही. पण इथे सगळ्यांनी मिळून त्याला सांगितले आहे की प्रवाह नाही. काल बाकावर अर्जदाराने त्याला हेच समजावून सांगितले तेव्हा तो आईदेखत म्हणाला, "तू डॉक्टरांबरोबर आत उभी असतीस तर ऐकलं असतं गं. आता तूही माझ्यासारखीच बाकावर बसलीयस. आईला खोटी आस लावू नकोस. तिला रोज रोज मारतेयस तू." आजूबाजूच्या नातेवाइकांनी माना वळवल्या.  नंतर जिन्यात आईने अर्जदाराला हळूच विचारले, "तू हे फार्मासिस्ट म्हणून सांगतेस की त्यांची लेक म्हणून?" परिपत्रकाच्या शेवटच्या कलमाप्रमाणे कर्मचाऱ्याने आपल्या घरच्यांना उपचारांबाबत सल्ला द्यायचा नसतो. भावापुढे ते कलम आधीच मोडले होते, म्हणून या वेळी अर्जदार गप्प राहिली. आईने त्याचा काय अर्थ लावला असेल तो लावला असेल.

या कारणाने अर्जदाराने आज आस्थापना शाखेत चौकशी केली की नाते स्थगित करण्याचा काही नमुना उपलब्ध आहे काय. म्हणजे उद्याच्या बैठकीपुरते ती मुलगी नाही असे धरले, तर तिचे कार्ड चालेल, तिची सही चालेल आणि तिचे "पण" ऐकले जाईल. कारकुनाने हसण्यावारी नेले नाही, याबद्दल अर्जदार त्याची आभारी आहे. त्याने दोन कपाटे उघडली, जुने गठ्ठे खाली काढले, शिंकला आणि म्हणाला, "असा नाही, पण वारसांच्या नोंदीतून नाव कमी करायचा आहे. तो चालेल का?" अर्जदाराने तो भरला. 'कारण' या रकान्यात 'रुग्णाच्या हितासाठी' असे लिहिले. त्याने तो तपासला, शिक्का उचलला, आणि मग त्याच्या लक्षात आले की त्यावर वडिलांची सही लागते. अंगठाही चालेल, पण शुद्धीवर असताना दिलेला. महोदय, तिथे अर्जदाराला हसू आले आणि मग ते हसू थांबवता येईना, तेव्हा त्या कारकुनाने आपल्या बाटलीतले पाणी तिला प्यायला दिले. अर्धवट भरलेला तो नमुना सोबत जोडला आहे. आपल्या अधिकारात सहीची अट शिथिल करता येत असल्यास करावी.

९. हा परिच्छेद अर्जदाराने दोनदा लिहून खोडला आहे, तरी खाडाखोडीबद्दल क्षमा असावी. वरील सगळे लिहून झाल्यावर तिने आईचा प्रश्न स्वतःला विचारून पाहिला. बेड सहावर दुसरे कोणी असते, तर तिने उपचारपत्रकावर हेच लिहिले असते का? तिला वाटते, हो. पण अशी खात्री वाटते म्हणूनच आता तिचा स्वतःवर भरवसा राहिलेला नाही. औषध किती प्रमाणात साठले असेल याचा हिशेब ती मनात सतत करते आहे आणि दर वेळी उत्तर तिला हवे तेच येते. असे उत्तर दुसऱ्या कोणी आणून दिले असते तर तिने ते फिरवून पाठवले असते. तेव्हा विषयात केलेली मागणी अर्जदार इथे मागे घेते. तिला आत सोडू नये. तिचे कार्ड चालू करू नये. नातेही आहे तसे राहू द्यावे.

त्याऐवजी एवढेच करावे. बेड सहाच्या उपचारपत्रकाची प्रत काढावी, रुग्णाचे नाव आणि बेडचा क्रमांक झाकावा, आणि ती कोणत्याही फार्मासिस्टच्या हातात द्यावी. बालरुग्ण विभागातील चालेल, दुसऱ्या रुग्णालयातील चालेल. अर्जदाराचे नाव घेऊ नये. त्या व्यक्तीला इतकेच विचारावे की या दोन औषधांसह आणि या मूत्रपिंडांसह हा माणूस आज जागा असायला हवा होता का. ती व्यक्ती 'सांगता येत नाही' म्हणाली तरी पुरे. मग भांडारप्रमुखांना आदेश देऊन रक्ताचा नमुना आजच पाठवावा आणि बैठक उत्तर येईपर्यंत पुढे ढकलावी. ती व्यक्ती 'हो, असायलाच हवा होता' म्हणाली, किंवा रक्तात औषध सापडले नाही, तर अर्जदार भावाच्या पाया पडून त्याची माफी मागेल आणि संमतीच्या कागदावर त्याच्याऐवजी स्वतः सही करील. पण आपण दिलेली झोप उतरली की नाही हे पाहिल्याशिवाय त्या माणसाला गेलेला धरू नये. भीती वाटते, महोदय. एवढ्या वर्षांत इतरांच्या औषधांची भीती वाटली नाही तेवढी वाटते.

आपले उत्तर येईपर्यंत अर्जदार खिडकीची पाळी संपवून अतिदक्षता विभागाबाहेरच्या बाकावर बसलेली असेल. शिपायाला फार शोधावे लागणार नाही.

आपल्या आदेशाची वाट पाहणारी,
(सही)
औषधनिर्माण अधिकारी
दि. ११

सोबत : १) पहिल्या अर्जाची प्रत.
२) वारस नोंदीतून नाव कमी करण्याचा नमुना, अपूर्ण.
३) बुरशीच्या औषधाच्या बाटलीवरील मजकूर, अर्जदाराने आठवणीतून लिहून काढलेला.

(अर्जाच्या तळाशी, वेगळ्या अक्षरात)

साहेब, मी वरच्या अर्जातला मोठा भाऊ. हिने हा कागद बाकावर लिहिला आणि पाणी प्यायला गेली तेव्हा मी वाचला. विचारून वाचला नाही. औषधांचं मला काही कळत नाही. पण हिने स्वतःची मागणी स्वतःच खोडलेली मी बघितली. आमच्या घरात हिने आजवर कुठलीच गोष्ट मागे घेतलेली नाही. म्हणून लिहितो. तार जिवंत आहे की नाही हे न बघता मी कुणाला हात लावू देत नाही, आणि इथे माझ्याच बापाच्या वेळी डोळे झाकून सही करायला निघालो होतो. रक्ताचं उत्तर येईपर्यंत मी सही करणार नाही. उद्या बोलवा, येतो, पण पेन धरणार नाही. उत्तर वाईट आलं तर ही म्हणते की सही ती करेल. तिला करू देऊ नका. मी मोठा आहे, मी करीन.

(सही)
मुख्य नातेवाईक, बेड सहा